माउली म्हटल्याने ऋण फिटते काय?

‘गरज सरो, वैद्य मरो’ ही म्हण आपल्या भाषेत पूर्वापार चालत आली आहे. ती कोणी उपदेश म्हणून सांगितलेली नाही. माणसाचा स्वभाव पाहून जुन्या लोकांनी कपाळावर हात मारून ती उच्चारली असावी. दुखणे अंगात असते तोवर वैद्य देव. ताप उतरला, तोंडाला चव आली, भाकर गोड लागू लागली की वैद्याची वाट परसदाराकडून. २०२० व २०२१ ह्या दोन वर्षांत कोरोनाची जी साथ जगावर आली, तिच्या संबंधाने ही म्हण आपल्याला लागू पडते की नाही, ह्याचा विचार आता साथ ओसरून काही वर्षे लोटल्यावर शांतपणे केला पाहिजे. साथीच्या भरात तो होणे शक्य नव्हते. भयात दिलेला मान हा मान नसतो, नवस असतो. आणि नवस फेडण्याच्या बाबतीत आपण किती तत्पर असतो हे देवासही ठाऊक आहे.

वाचकांना आठवत असेल, २२ मार्च २०२० रोजी सायंकाळी पाच वाजता देशभर लोकांनी दारात, ओट्यावर, गच्चीवर उभे राहून टाळ्या आणि थाळ्या वाजविल्या. आमच्या वरूडातही वाजल्या. काही माळकऱ्यांनी तर घरातले टाळच काढले. पुढे ३ मे रोजी विमानांतून इस्पितळांवर फुले पडली. हे केले ते वाईट केले असे मुळीच म्हणणे नाही. मन भरून आले म्हणजे हात काहीतरी करू पाहतातच. परंतु त्या टाळ्या कोणासाठी होत्या असे त्या वेळी विचारले असते, तर बहुतेकांनी पांढऱ्या डगल्यातला डॉक्टर डोळ्यांपुढे आणला असता. डॉक्टरांनी केले ते मोठेच. कित्येकांनी प्राण वेचले. पण वरूड तालुक्यासारख्या ठिकाणी, जेथे एका बाजूस सातपुड्याची रांग, पलीकडे मध्यप्रदेशाची सरहद्द, आणि मधे संत्र्यांच्या बागांतून विखुरलेली गावे आहेत, तेथे साथ प्रथम कोणाच्या दारात अडते? इस्पितळ वरूडास, मोठे इस्पितळ अमरावतीस. गावात काय असते? गावात असते आशा.

आपल्या परमार्थात आशा हा शब्द फारसा चांगला नव्हे. आशा सोडावी असेच आपण शिकत आलो. पण २००५ साली सरकारने ग्रामीण आरोग्याची जी मोठी योजना सुरू केली, तिच्यात सामान्यतः हजार वस्तीमागे एक अशी गावचीच बाई निवडून तिला हे नाव दिले. ती परगावची नोकरदार नव्हे. त्याच गावात राहणारी, बहुधा गावची सून, काही ठिकाणी विधवा किंवा नवऱ्याने टाकलेली. गरोदर बाईला दवाखान्यात न्यावे, लेकरांचे डोस चुकू देऊ नयेत, तापाचे रक्त काढून पाठवावे, क्षयाच्या रोग्याला गोळ्या खाऊ घालाव्यात, ही तिची नेहमीची कामे. आणि तिला पगार नाही. मिळतो तो मोबदला; कागदोपत्री ती ‘स्वयंसेविका’. हा शब्द लक्षात ठेवावा, कारण सगळा घोटाळा त्याच शब्दात आहे.

साथ आली तेव्हा तिला सांगण्यात आले की पुणे-मुंबईहून गावात कोण आले त्याची यादी कर, घरोघर जाऊन ताप-खोकला विचार, कोणाच्या दारावर पाटी लाव, कोणाला शाळेत चौदा दिवस ठेव. त्या दिवसांत मृग बहराची संत्री झाडावर, व्यापारी येईना, मजूर मिळेना. शेतकरी आधीच चिडलेला. अशा वेळी तोंडाला ओढणी किंवा पदर बांधून ही बाई दारात उभी. तिला काय ऐकावे लागले ते खेड्यातल्या कोणालाही विचारावे. “काहून आली वं बाई? आमच्या घरी कोनी बिमार नाही. तूच दहा घरं फिरून येतं, तूच आनशीन बिमारी.” कोणी दार लावून घेतले, कोणी खोटे नाव सांगितले. हे लोक दुष्ट होते असे नाही. भ्यालेले होते. पण भीतीचे एक गणित आहे : ती ज्याच्यामुळे वाढते त्याच्यावर तुटून पडत नाही, जो जवळ सापडतो त्याच्यावर पडते. विषाणू दिसत नाही, आशाताई दिसते.

१५ सप्टेंबर २०२० पासून राज्यात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम चालली. एक आरोग्य कर्मचारी व दोन स्वयंसेवक असे पथक करून घरोघर जायचे, प्रत्येकाचा ताप मोजायचा, बोटाला चिमटा लावून रक्तातला प्राणवायू पाहायचा. ह्या रोगात एक विलक्षण गोष्ट अशी की, माणूस चांगला बसून बोलत असतो, दम लागल्याची तक्रारही नसते, आणि आतून प्राणवायू घटत चाललेला असतो. आकडा ९५ च्या खाली उतरला की त्याला दवाखान्याची वाट दाखवावी लागे. म्हणजे ज्याला आपण आजारी आहोत हे स्वतःलाच माहीत नाही, त्याला ते पटवून द्यायचे, आणि तेही घराच्या उंबऱ्यावर उभे राहून. हे काम यंत्राने होत नाही. यंत्र आकडा दाखवील; “चाल भाऊ, मी येतो संगं” हे यंत्र म्हणत नाही.

येथे जुन्या इतिहासाकडे थोडे वळले पाहिजे, म्हणजे ह्या उंबऱ्याची किंमत कळेल. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. रँडसाहेबाच्या प्लेग कमिटीने घरे तपासण्यास गोरे सोल्जर लावले. त्यांना भाषा येत नव्हती, देवघर कोणते आणि स्वयंपाकघर कोणते हे कळत नव्हते. हेतू रोग शोधण्याचा होता हे मान्य केले, तरी बायकांची बेअब्रू, सामानाची नासधूस, माणसांची फरफट ह्यांनी लोक इतके संतापले की रोगी लपवू लागले. २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, हे सर्वांस ठाऊक आहे. त्याच वर्षी, त्याच शहराजवळ, सावित्रीबाई फुले आपल्या डॉक्टर मुलाच्या, यशवंतरावांच्या, दवाखान्यात प्लेगचे रोगी आणीत होत्या. वय सहासष्ट. एका रोगी मुलाला पाठीवर घेऊन त्या आल्या आणि १० मार्च १८९७ रोजी स्वतः प्लेगनेच गेल्या.

दोघेही घरात शिरले. काम वरकरणी एकच, रोगी हुडकणे आणि दवाखान्यात नेणे. पण एकाच्या येण्याने लोकांनी दारे लावली आणि दुसरीच्या पाठीवर मूल विश्वासाने निजले. तेव्हा साथीत औषधाइतकीच गरज असते ती ओळखीच्या माणसाची. सव्वाशे वर्षांनंतर आपल्या गावात बंदूकवाला सोल्जर आला नाही. गावची सून आली, जिच्या बाळंतपणात आपल्या आईने हात लावला होता आणि जिने आपल्या मुलीच्या बाळंतपणात रात्री जागून काढल्या होत्या. लोकांनी प्रथम तिला हाकलले, आणि आठ दिवसांनी तिलाच निरोप पाठविला. तो निरोप पाठविता आला, हेच त्या ओळखीचे फळ.

ती एकटी होती असेही नाही. नर्सबाई होती, ‘मलेरियावाला’ म्हणून ज्याला आपण ओळखतो तो आरोग्यसेवक होता, अंगणवाडीच्या ताई आणि मदतनीस होत्या, शाळा बंद म्हणून मास्तरांना नाक्यावर बसविले होते, सरपंच, ग्रामसेवक, तलाठी, पोलीस पाटील होते, दवंडी देणारा कोतवाल होता, पाठीला पंप बांधून गल्लीबोळांत फवारणी करणारा ग्रामपंचायतीचा शिपाई होता, आणि १०८ ची गाडी चालविणारा होता, जो रात्री दोन वाजता अमरावतीच्या रस्त्याला लागे. अमरावतीच्या विद्यापीठानेही, ज्याला संत गाडगेबाबांचे नाव आहे, आपल्या प्रयोगशाळेत २०२० च्या मे महिन्यापासून घशाचे नमुने तपासण्यास आरंभ केला. नाहीतर आपले नमुने नागपुरास जायचे आणि उत्तर येईतो रोगी गावभर हिंडायचा. अशी ही साखळी होती. तिच्यातली एक कडी निसटली की पुढचे सगळे व्यर्थ.

आपणा वारकऱ्यांचाही ह्या साखळीत वाटा होता, आणि तो लहान नव्हे. २०२० च्या आषाढीला पायी वारी झाली नाही, पादुका एस.टी.ने पंढरीस गेल्या. २०२१ लाही तेच. मानाच्या दहा पालख्यांना वाहनाने जाण्याची परवानगी मिळाली, त्यांत आपल्या जिल्ह्यातील कौंडिण्यपूरची रुक्मिणीमातेची पालखी होती. ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या वारी चुकली नाही, अशी म्हातारी माणसे एकादशीला अंगणात तुळशीपुढे उभी राहून रडली. काही मंडळींना हे पटले नाही. नेम तो नेम, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या निष्ठेविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. परंतु वारीत जो समोर दिसेल त्याच्या पायांवर डोके ठेवायचे, कारण तोही पांडुरंगाचेच रूप, असे आपण मानतो. मग त्याच रूपाला आपल्या श्वासातून रोग देण्याची भीती असताना घरी राहणे हाच नेम नव्हे काय? लाखो वारकऱ्यांनी तो पाळला. मात्र एक फरक ध्यानात ठेवावा. आपण घरी राहिलो त्यात विरह होता, धोका नव्हता. ती बाई घराबाहेर पडली त्यात धोका होता. दोन्ही त्याग खरे, पण ते एका तागडीत घालता येत नाहीत.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो.

१५ जून २०२१ रोजी महाराष्ट्रातील आशा व त्यांच्या गटप्रवर्तकांनी संप केला. सुमारे सत्तर हजार बायका. दुसरी लाट नुकतीच उतरणीस लागली होती. त्यांची मागणी काय, तर कामाच्या मानाने मोबदला द्या, साथीच्या कामाचे वेगळे द्या, आणि आम्हांला स्वयंसेविका न म्हणता कामगार म्हणा. २३ जून रोजी सरकारने १ जुलैपासून आशांना दरमहा एक हजार रुपये वाढ व साथ आहे तोवर पाचशे रुपये जादा देण्याचे कबूल केले आणि संप मिटला. त्या वेळी पारावर, दुकानात, आणि सांगावयास वाईट वाटते, पण भजनाच्या बैठकीतही असे उद्गार निघाले : “सेवा करायची आणि पैसे मागायचे? मग ती सेवा कशाची? साथीच्या दिवसांत संप म्हणजे अडवणूकच की!”

हा आक्षेप वरवरचा नाही. त्याच्या मागे आपल्या धर्मविचारातली एक थोर गोष्ट उभी आहे, म्हणूनच त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. फळाची इच्छा न धरता कर्म करावे हा गीतेचा उपदेश आणि संतांनी तो जगून दाखविला. कीर्तनाचे मोल घेऊ नये हा आपल्या संप्रदायाचा दंडक. हरिकथा विकणाऱ्याला आपण नावे ठेवतो, आणि ठेवावीतच. मग रोग्याची सेवा विकणाऱ्याला का ठेवू नयेत?

पण हा दंडक कोणाला सांगितला आहे, हे आधी पाहावे. तो कीर्तनकाराला सांगितला आहे, यजमानाला नव्हे. कीर्तनकाराने मागू नये. म्हणून गावाने त्याला उपाशी झोपवावे, असा अर्थ कोणत्या संताने काढला? उलट जो मागत नाही त्याच्या जेवणाखाण्याची, मुक्कामाची, परतीच्या वाटेची काळजी गावाने अधिक वाहायची, हीच आपल्याकडची रीत. निष्कामता हे व्रत आहे, आणि व्रत ज्याचे त्याने घ्यायचे असते. एकादशी मी धरीन. पण शेजाऱ्याच्या ताटातली भाकर काढून घेऊन ‘आज तुझी एकादशी’ म्हणेन, तर ती एकादशी नव्हे, चोरी होईल. दुसऱ्याच्या नावाने निष्काम होणे ह्यासारखे सोपे काही नाही. सगळा देश आशाताईच्या वतीने निष्काम झाला होता.

आणि ‘माउली’ हा शब्द. आपण वारकरी तो सढळ हाताने देतो. देण्यात गोडवा आहे आणि खर्च काही नाही. साथीत आपण ह्या बायांना माउली म्हटले, दुर्गा म्हटले, कोरोना योद्धा म्हटले. मला ह्यात एक चोरटी सोय दिसते. आईला कोणी मजुरी देत नाही. देवीला रजा लागत नाही. योद्धा मेला तर तो वीरगतीला जातो. ही तीनही नावे उच्चारली की हिशेबाची वही आपोआप मिटते. ज्या माणसाला आपण फार उंच बसवितो, त्याच्या पोटाकडे पाहण्यास मान खाली वाकवावी लागते, आणि ती कोणी वाकवीत नाही. आशाताई देवी नाही. तिला सासू आहे, दोन लेकरे आहेत, गळके छप्पर आहे. नवऱ्याने “तू घरी रोग आणशील” म्हणून तिला ओसरीत झोपविलेले असते. तिला मास्क वेळेवर मिळाला की नाही हा प्रश्न तिला देवी म्हणणाऱ्याला पडत नाही, माणूस म्हणणाऱ्याला पडतो.

संपाविषयी माझे मत सांगतो. रोग्याला मरणाच्या दारात टाकून उठणे हे कोणालाही शोभणार नाही, आशालाही नाही. पण जिला वर्षभर साथीत राबविले आणि जिचे अर्ज वर्षभर पडून राहिले, तिने एक दिवस “मी उद्या येणार नाही” म्हटल्यावरच जर आपल्याला ती आहे हे कळत असेल, तर दोष तिच्या तोंडाचा की आपल्या कानांचा? आठ दिवस ती आली नाही तेव्हा कागद अडले, लसीच्या याद्या अडल्या. मग सगळ्यांना तिचे महत्त्व समजले.

कोणी म्हणेल, मोबदला दिला की संपले, मग कृतज्ञता कशाला? वाण्याला पैसे दिले की आपण त्याच्या पाया पडत नाही. हेही अर्धेच खरे आहे. वाण्याने तराजू धरला त्यात त्याच्या जिवाला धोका नव्हता. ज्या कामात जीव पणाला लागतो, त्याची किंमत पैशाने पुरी होत नाही. पण पुरी होत नाही म्हणून अपुरीही द्यायची नाही, हे कुठले शास्त्र? पगार हा मजुरीचा; कृतज्ञता त्याच्या पलीकडच्या भागाची. पगार चुकवून दिलेली कृतज्ञता म्हणजे धान्य न देता नुसता आशीर्वाद देऊन भिकाऱ्याला वाटेला लावणे. केंद्र सरकारने मार्च २०२० मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी पन्नास लाखांचा विमा जाहीर केला, त्यात आशाही धरल्या. ते योग्यच झाले. पण विमा मेल्यावर मिळतो. जिवंतपणी महिन्याच्या महिन्याला काय मिळते, हा प्रश्न त्यापुढे उरतोच, आणि तो उरला म्हणूनच २०२३-२४ मध्ये ह्या बायांना पुन्हा मुंबईच्या मैदानात जाऊन बसावे लागले.

आपल्या जिल्ह्याच्या गाडगेबाबांचे उदाहरण ह्या ठिकाणी फार उपयोगी पडते. बाबांचा जन्म शेंडगावचा, देह ठेवला तो वलगावजवळ, २० डिसेंबर १९५६ रोजी. गावात शिरले की आधी खराटा, मग रात्री कीर्तन. कोणी पाया पडू लागला तर बाबा त्याला पडू देत नसत. स्वतःसाठी त्यांनी घर बांधले नाही, अंगावर चिंध्या आणि हातात गाडगे. येथवर सर्वजण सांगतात, आणि ‘पाहा, खरा सेवक असा असतो’ म्हणून थांबतात. पण बाबांनी दुसऱ्यांसाठी काय केले? पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या केल्या. मुंबईला इस्पितळात येणाऱ्या रोग्यांच्या नातलगांना टेकायला जागा केली. स्वतः झाडाखाली निजणाऱ्या माणसाने दुसऱ्याला मात्र ‘तूही झाडाखालीच नीज, त्यात मोक्ष आहे’ असे सांगितले नाही. त्याला छप्पर दिले. निष्कामता स्वतःपुरती, आणि दुसऱ्याच्या सुखाची लाज न बाळगता केलेली तरतूद, ह्या दोन गोष्टी त्या एका माणसात एकत्र नांदत होत्या. आपण पहिली दुसऱ्याला दिली आणि दुसरी स्वतःकडे ठेवली.

तुकडोजी महाराजांनीही ग्रामगीतेत गावच्या आरोग्यासाठी एक अख्खा अध्याय खर्च केला, तो उगाच नाही. आरोग्य हे सरकारी खात्याचे काम आणि परमार्थ हे आपले, अशी वाटणी वऱ्हाडच्या संतांनी केली नव्हती. वऱ्हाडातील हा विचार इतका जुना असताना ‘लोकसहभाग’ हा शब्द नवीन म्हणून आपल्याला शिकविला जातो, ह्याची गंमत वाटते.

सहभाग म्हटला म्हणजे त्यात आणखी एक पेच आहे. दुसऱ्या लाटेत, जून २०२१ मध्ये, राज्य सरकारने गावांसाठी कोरोनामुक्त गाव स्पर्धा जाहीर केली. प्रत्येक महसुली विभागात पहिल्या गावाला पन्नास लाख, दुसऱ्याला पंचवीस, तिसऱ्याला पंधरा. कल्पना चांगली, हिवरे बाजारसारख्या गावांनी एकजुटीने साथ आवरल्याचे उदाहरण समोर होते. पण गाव जिंकते म्हणजे कोण जिंकते? फलकावर नाव कोणाचे, फोटोत मधे कोण? दिंडीत विणेकरी पुढे असतो, पखवाजाचा आवाज लांबवर जातो, आणि डोक्यावर तुळस घेतलेली किंवा पाण्याचा हंडा घेतलेली बाई मधे कुठेतरी चालत असते. दिंडी सर्वांची आहे हे खरे. पण हंडा तिच्याच डोक्यावर आहे हेही खरे. ‘आपण सगळ्यांनी मिळून केले’ ह्या वाक्यात मोठा आनंद आहे, आणि त्याच वाक्यात कोणी किती केले हे पुसून टाकण्याची युक्तीही आहे. श्रेय वाटून घेताना जोखीम कशी वाटली होती हे आठवले पाहिजे. २२ मे २०२२ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील दहा लाखांहून अधिक आशांचा गौरव केला. जिनिव्हात त्यांचे नाव घेतले गेले. आपल्या ग्रामसभेच्या वहीत घेतले गेले काय, हे ज्याने त्याने आपापल्या गावी जाऊन पाहावे.

आणि ज्यांचे नाव जिनिव्हातही घेतले गेले नाही, त्यांचे काय? २०२१ च्या फेब्रुवारीत, देशात दुसऱ्या लाटेची कोणाला कल्पना नसताना, ती आपल्या जिल्ह्यात येऊन उभी राहिली होती. २२ फेब्रुवारीच्या रात्रीपासून अमरावती व अचलपूर पुन्हा बंद झाले. पुढच्या तीन महिन्यांत मसणवटीत काय चालले होते ते सर्वांनी ऐकले आहे. पोटचा मुलगा चितेपासून शंभर पावलांवर उभा, आणि प्रेताला हात लावणारा नगरपरिषदेचा सफाई कामगार. कोणाचा कोण! आपल्याकडे मेलेल्याला खांदा देणे हे मोठे पुण्य मानतात. शत्रूलाही तो नाकारू नये म्हणतात. त्या दिवसांत हे पुण्य ज्यांच्या वाट्याला आले, त्यांना एरवी आपण पाण्याचा पेला वेगळा ठेवतो. चोखोबांच्या समाधीवर रोज डोके टेकणाऱ्या संप्रदायाने ह्या गोष्टीवर दोन घटका गप्प बसून विचार करावा. मी अधिक लिहीत नाही.

तेव्हा करावे काय? मोठ्या गोष्टी सरकारने करायच्या. त्यासाठी लिहावे, बोलावे, निवडून दिलेल्यांना विचारावे. पण काही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. दरवर्षी गावोगाव सप्ताह होतो. काल्याच्या दिवशी शेला आणि नारळ कोणाला मिळतो? मंडप देणाऱ्याला, पुढाऱ्याला, अन्नदान करणाऱ्याला. ती आशाताई त्या दिवशी बहुधा मागे पोळ्या लाटत असते. तिला पुढे बोलावून नारळ द्यावा असे सुचविले, तर माझीच अडचण होते, कारण नुसता नारळ म्हणजे पुन्हा ती थाळीच. नारळ जरूर द्यावा, पण तो देताना माइकवरून विचारावे की ताई, ह्या महिन्याचे पैसे आले का? नसतील आले, तर मंडपात बसलेल्या सरपंचांनी आणि पंचायत समितीच्या सदस्यांनी ते तेथेच ऐकावे. हजार माणसांपुढे विचारलेला असा प्रश्न दहा अर्जांच्या बरोबरीचा असतो.

दुसरे असे की, गावात आरोग्य, पोषण, पाणी व स्वच्छता ह्यांची एक समिती कायद्याने नव्हे तरी नियमाने असतेच, आणि तिच्याकडे वर्षाला दहा हजार रुपयांपर्यंत निधी येण्याची तरतूद त्या आरोग्य योजनेत केलेली होती. आपल्यापैकी किती जणांना ही समिती कोणाची, तिची बैठक केव्हा होते, हे ठाऊक आहे? भजनी मंडळाचे पखवाजाचे कातडे बदलायचे तर आपण चार बैठका घेतो. त्याच मंडळाचे दोन माणूस त्या समितीच्या बैठकीला जाऊन बसले, पैसा कशावर गेला ते त्यांनी विचारले, गप्पी मासे सोडले की नाही, दवाखान्याची वाट धरणाऱ्या बाळंतिणीला रात्री गाडी कोण देणार, हे ठरविले, तर आशाताईचे निम्मे ओझे उतरेल. तिला खरी मदत हवी ती अशी. तिच्या सोबत चार घरे चालणारा माणूस हवा, म्हणजे ज्या घरात तिला “काहून आली” म्हणतात तेथे गळ्यात माळ असलेला म्हातारा पुढे होऊन म्हणेल, “अरे, बाई तुह्याच भल्यासाठी आली, पानी दे तिले आधी.”

आमच्या भागात पाऊस लागला की डेंग्यूचा ताप निघतो. ती पुन्हा येईल, रांजण उपडा करा म्हणेल, परसातले टायर उचला म्हणेल, आणि वहीत काही लिहून घेईल. समितीची पुढली बैठक केव्हा आहे, ते त्याच वेळी तिला विचारून ठेवावे.